कॅप्सूलमधली भेसळ

त्या सोमवारीही मी चहा टाकायच्या आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि हळदीची कॅप्सूल दोन बोटांत धरून हलकेच फिरवली. टोपण निघालं. आतली थोडी हळद कागदावर झटकली, ब्लडप्रेशरची छोटी पांढरी गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून तिची पूड केली, उरलेल्या हळदीत कालवून ती परत भरली आणि टोपण बसवलं. अशा सात कॅप्सूल झाल्या की आठवड्याची सोय होत असे. कागदावरची हळद मी मोरीत सोडून द्यायचे, नखं लिंबाच्या सालीनं घासायचे आणि मग सासऱ्यांना चहा नेऊन द्यायचे.

मी डी. फार्म. झालेली बाई. औषधात काही मिसळू नये, पेशंटला न सांगता काही देऊ नये, हे मी परीक्षेत सुवाच्य अक्षरांत लिहून मार्क मिळवले होते. तेच काम घरी चोरून करताना पहिले दोन-तीन सोमवार मी दार लोटलंय ना हे पुन्हा पुन्हा बघितलं. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि मला तर जरा लवकरच होते.

माझे सासरे बाबगोंडा आरवाडे. हरिपुरात सगळे त्यांना तात्या म्हणत, आम्हीही तात्याच म्हणायचो. समोर उभी असले तर मात्र मी त्यांना मामा म्हणे. त्यांची सहा पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार. तोंड एक माणूस कसाबसा आत जाईल एवढं अरुंद, पोट वीस फूट खोल. आत पाचट आणि चटया लावून हळकुंडं भरायची, वरून फरशी ठेवून माती लिंपायची. मग दोन-तीन वर्षं त्या हळदीला कीड लागत नाही. सांगलीचे व्यापारी आपला माल आमच्याकडे ठेवत, आणि माल घेताना-देताना तो पारखायला तात्यांनाच बोलावत. तात्या हळकुंड मोडत, मोडल्याचा आवाज ऐकत, तुकडा नाकाशी धरत. दळलेली हळद असली तर चिमटीत घासून सांगत, यात तांदळाचं पीठ आहे, नाहीतर, याला रंग लावलाय. त्यांनी नाही म्हटलेला माल कुणी घेत नसे.

अशा माणसाला त्या वर्षी थंडीत पेवाच्या तोंडाशी उभं असताना चक्कर आली. डॉक्टरांनी प्रेशर पाहिलं, रोज एक गोळी लिहून दिली आणि ही आता कायम घ्यायची असं सांगितलं. कायम हा शब्द तात्यांना लागला. पंधरा दिवस त्यांनी तोंड वाकडं करून गोळी घेतली. मग एका व्यापाऱ्यानं त्यांना हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलचा खोका आणून दिला. त्यावर सांध्यांपासून रक्तदाबापर्यंत सगळं बरं होतं असं छापलेलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी पारावर चारचौघांत तात्या म्हणाले की ज्या हळदीनं चाळीस वर्षं पोसलं तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा. गोळी बंद.

मी समजावून पाहिलं. हळद वाईट नाही, तिनं कुणाचं प्रेशर दोन-चार अंकांनी उतरतही असेल, पण तुमचं किती उतरेल याचा काही नेम नाही, म्हणून गोळी सोडू नका. ते ऐकून घेत, मान हलवत आणि कॅप्सूल घेत. दोन आठवड्यांनी मी घरच्या मशीनवर प्रेशर पाहिलं तर एकशे बहात्तर आणि एकशे दोन. सुनेनं सासऱ्याशी वाद तरी किती घालायचा? मी वाद सोडला आणि चमचे हातात घेतले.

माझा नवरा श्रेणिक याचं सांगलीत औषधांचं दुकान आहे, गोळ्या तिथूनच यायच्या. त्याला मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. त्यानं पेपर उघडून त्यात डोकं घातलं. मग म्हणाला, मला यातलं काही माहीत नाही असं समज.

महिन्याभरात तात्यांचं प्रेशर एकशे बत्तीसवर आलं. तात्या खुलले. दर रविवारी मला मशीन लावायला सांगत आणि आलेला आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहीत. आल्या-गेल्याला कॅलेंडर दाखवत. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले तरी विषय हळदीचाच. न्हाव्याच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तात्यांचा आकडा पोचला. मला आतल्या आत हसू यायचं. म्हातारा खूश आहे, प्रेशर ताब्यात आहे, आपलं काय जातंय, असं मी म्हणायचे. आज ते हसू आठवलं की स्वतःचाच राग येतो.

त्या सोमवारी तात्या सकाळी सातलाच पेवावर गेले होते. चार नंबरचं पेव उघडायचं होतं. श्रेणिक पोहे खाता खाता सहज बोलावं तसं म्हणाला, "काल दादूमामांची तानूमामी दुकानात आलेली. प्रेशरच्या गोळ्यांची दोन पाकिटं परत घ्या म्हणाली."

"का?"

"मामांनी सोडल्यात म्हणे. तात्यांनी हळदीच्या कॅप्सूलचा नवा खोका दिलाय."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. दादू कोळी हा तात्यांचा लहानपणापासूनचा सोबती, दोघं कृष्णेत एकत्र पोहायला शिकलेले. आमच्या पेवात उतरायचं काम चाळीस वर्षं दादूमामांचं. तात्या वर दोर धरणार, दादूमामा कमरेला दोर बांधून खाली जाणार, पोती भरून देणार. त्यांचं प्रेशर तात्यांपेक्षा जास्त आणि जुनं. आणि आज ते खाली उतरणार होते.

पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आत वर्षानुवर्षं कोंडलेली हवा असते, तिच्यात श्वास घेतला तर माणूस जागीच आडवा होतो. फरशी काढायची, तीन-चार तास तोंड उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. ज्योत विझली तर अजून थांबायचं. नीट जळत राहिली तर उतरायचं. सातला फरशी निघाली असेल तर अकराच्या आत कंदील जाणार नाही, हा हिशोब मी डबा भरताना केला. डब्यासोबत पिशवीत मशीन टाकलं आणि निघाले.

घरची सून पेवावर जात नाही असा काही नियम नव्हता, पण जातही नव्हती. मला पाहून हमाल जरा सरकून बसले. व्यापाऱ्याचा माणूस ट्रकच्या सावलीत विडी ओढत होता. उघड्या पेवाच्या तोंडातून हळदीचा दाट, गोडसर वास येत होता. तात्या लांब चिंचेखाली कुणाशी बोलत होते. दादूमामा दोराचं वेटोळं मांडीवर घेऊन त्याचा एकेक पीळ तपासत बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि हात पुढं करा म्हटलं. त्यांना गंमत वाटली. मशीन गुरगुरलं, फुगलं, थांबलं. एकशे शहाण्णव आणि एकशे चौदा.

मी दुसऱ्या हाताला लावून पाहिलं. फरक पडला नाही.

डोकं दुखतं का विचारलं, तर म्हणाले, सकाळी जरा जड असतं, मग जातं. गोळी कधी सोडली विचारलं, तर बोटांवर मोजून म्हणाले, दीड महिना झाला. मी त्यांना सांगितलं की आज तुम्ही उतरू नका, आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चला, गोळी पुन्हा सुरू करा. ते हसत राहिले. गोळीनं पाय सुजतात, तोंडाला चव राहत नाही, आणि तात्यांचं बघ की कसं झकास झालंय. हळू हळू उतरतंय, मुळापासनं जातंय, घाई कशाला.

"मामा, तात्यांचं वेगळं आहे," मी म्हटलं.

"काय वेगळं?" त्यांनी दोर बाजूला ठेवला. "त्यो बी हळदीतला, मी बी हळदीतला. त्यानं वर हुंगली, मी खाली बसून खाल्ली. माझ्या अंगात त्याच्यापेक्षा जास्त हळद हाय, पोरी."

त्यांना खरं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण ते मला तात्यांच्या आधी घराबाहेर कुणाला सांगता येईना. शिवाय त्यांनी ते मानलं नसतं. तात्यांनी सांगितलं तरच मानलं असतं. साडेदहा होऊन गेले होते. मी उठले आणि चिंचेकडे गेले. सासऱ्यांना बाजूला बोलवायची ती माझी पहिलीच वेळ.

सांगायचं कसं याची मी वाटेत जुळवाजुळव केली होती, ती सगळी विसरले. "मामा, तुमच्या कॅप्सूलमध्ये मी गोळी घालते," एवढंच बोलले. "पहिल्यापासून. तुमचं प्रेशर हळदीनं उतरलेलं नाही. आणि दादूमामांचं एकशे शहाण्णव आहे."

मला वाटलं होतं ते चिडतील. घरातून निघून जा म्हणतील, निदान आवाज तरी चढवतील. मी त्यासाठी अंग चोरून उभी होते. तात्या चिंचेच्या बुंध्याला टेकले. टोपी काढून त्यांनी ती गुडघ्यावर झटकली, पुन्हा डोक्यावर ठेवली.

"मला ठावं हाय," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही त्यांना काय ठावं आहे ते.

"पहिल्याच सोमवारी कळलं. हळद हुंगल्याबिगर कधी तोंडात घातलीय मी? रोज उघडून बघायचो. त्या दिवशी उघडली तर फिक्की. जिभेवर कडू. पांढरं काय मिसळलंय ते बघायला दुसऱ्या कुणाकडं जायला नको मला. आन् तुझी नखं. सैपाकात तू हळद चमच्यानं घालतीस. दर सोमवारीच नखं पिवळी व्हायला काय झालं?"

मला स्वतःच्या मूर्खपणाचं नवल वाटलं. उभ्या सांगलीत ज्याच्या हातून भेसळ सुटत नाही, त्याच माणसाला मी भेसळीची हळद खपवायला निघाले होते. पण ते नवल फार वेळ टिकलं नाही. मी विचारलं, "मग खात का राहिलात?"

"भ्यालो हुतो." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "चक्कर आली तवा पेवाचं तोंड दोन हातांवर हुतं. गोळी पायजे हे कळत हुतं मला. पर पारावर बोलून बसलो हुतो. तू वाट काढून दिलीस. गोळी बी पोटात जायची आन् शब्द बी राहायचा."

"आणि दादूमामा? त्यांनी गोळ्या सोडल्या हे तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी चिंचेची एक वाळकी शेंग उचलून मोडली. मी पुन्हा विचारलं.

"म्हैना झाला," तात्या म्हणाले. "रोज वाटायचं, आज सांगू."

मला त्यांचा संताप आला. पण मी तरी तीन महिने काय करत होते? कॅलेंडरवरचे आकडे गावभर फिरत होते तेव्हा एखादा भोळा माणूस ते खरे मानेल, हे मला सुचू नये? मी तर शिकलेली. आम्हा दोघांनाही खरं माहीत होतं, दोघांनीही ते एकमेकांपासून जपलं होतं, आणि त्याचं प्रेशर चढलं होतं दादूमामांना.

तेवढ्यात पेवाकडून हाक आली. अकरा वाजले होते. तात्या गेले, कंदील पेटवला, काच पुसली आणि दोरी हळूहळू खाली सोडली. मी लांब उभी राहून पाहत होते. पेवाच्या तोंडावर ते बराच वेळ वाकून राहिले. दादूमामांनी सदरा काढून ठेवला होता, कमरेला दोर बांधायला घेतला होता. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कशी हाय?"

तात्यांनी कंदील वर ओढून घेतला. तो जळतच होता. एरवी या वेळी ते म्हणत, हवा चांगली हाय. त्यांनी कंदील फुंकून विझवला आणि खाली ठेवला.

"दादू, दोर सोड," ते म्हणाले. "तू आज उतरायचं न्हाई."

हमाल बघायला लागले. व्यापाऱ्याचा माणूस विडी टाकून पुढं आला. तात्यांनी कुणाला बाजूला घेतलं नाही की आवाज कमी केला नाही. चारचौघांत बढाई मारली होती, चारचौघांतच ती परत घेतली. माझं प्रेशर हळदीनं उतरलेलं नाही, त्या कॅप्सूलमध्ये गोळीची पूड असते, सून घालते, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू गोळ्या सोडल्यास हेही माहीत होतं. सांगायची लाज वाटली.

दादूमामांना आधी थट्टा वाटली. ते हसत माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली, तेव्हा त्यांचं हसू गेलं. त्यांनी हातातला दोर सोडला नाही. ते पेवाच्या तोंडाकडे, मग खाली ठेवलेल्या कंदिलाकडे बघत राहिले.

"तात्या, ह्यो कंदील खाली जातोय तवा मी लांब बसलेला असतो," ते म्हणाले. "तू बघतोस. तू म्हणलास हवा चांगली हाय, की मी उतरतो. चाळीस वर्सांत मी एकदा तरी वाकून बघितलं काय?"

तात्यांनी नाही अशी मान हलवली.

दादूमामांनी दोर सोडून त्याचं नीट वेटोळं केलं, फरशीवर ठेवलं, सदरा घातला आणि घरच्या वाटेला लागले. त्या दिवशी चार नंबरचं पेव माल न काढता पुन्हा झाकलं गेलं. ट्रक रिकामा गेला. मी डबा तसाच परत आणला.

दुपारी मी दादूमामांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांना तासभर आडवं ठेवलं, गोळी बदलून दिली. पाय सुजत होते तर येऊन सांगायचं होतं, दुसरी गोळी असते, असं जरा रागानंच म्हणाले. नशीब आमचं, की वेळेत गाठलं. तानूमामींनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

घरी आले तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर काढलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी माझ्यापुढं तळहात धरला. मी अख्खी गोळी त्यावर ठेवली. बाहेर सोप्यात जाऊन, रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसेल असं उभं राहून त्यांनी ती पाण्याबरोबर गिळली. मरेपर्यंत त्यांनी गोळी तिथंच उभं राहून घेतली. हळद ते दुधातून पीत, चवीसाठी.

दादूमामा आठवड्यातून एकदा प्रेशर बघायला माझ्याकडे येत. त्यांना वाचता येत नव्हतं. गोळ्यांचं पाकीट माझ्यासमोर धरून दर वेळी विचारायचे, "हीच न्हवं, पोरी?" भेसळ करणारी मी, आणि ते विचारायचे मलाच. मी पाकीट हातात घेऊन त्यावरचं नाव मोठ्यानं वाचून दाखवायचे. तात्या तेव्हा काहीतरी निमित्त काढून आत जात. दोघांचं बोलणं बंद झालं नव्हतं. पारावर शेजारी बसत, तंबाखू एकमेकांना देत. पण दोन महिन्यांनी प्रेशर ताब्यात येऊन दादूमामा पुन्हा पेवावर आले, तेव्हा त्यांनी कंदील स्वतः पेटवला, स्वतः खाली सोडला, गुडघ्यांवर बसून स्वतः पाहिला. तात्या दोन पावलं मागं उभे राहिले. पुढं प्रत्येक पेवाला तसंच होत गेलं. पेवाच्या दिवशी तात्या घरी येऊन जेवताना मान वर करत नसत.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात पुन्हा चार नंबरच उघडलं. त्या पावसाळ्यात महापूर आला आणि आमची सगळी पेवं पाण्यानं भरून बसली. त्यामुळं ते शेवटचं पेव ठरलं, पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक असणार? आता पेवावर डबा मीच नेत असे. मी पोचले तेव्हा कंदील लावायची वेळ झाली होती. दादूमामांनी काडी ओढली, ज्योत बारीक केली, दोरी अडकवली. मग पेवाच्या तोंडाशी जाऊन ते थांबले आणि मागं न बघता त्यांनी कंदील धरलेला हात मागं केला.

तात्यांनी पुढं होऊन कंदील घेतला. त्यांनी दोरी इंचाइंचानं सोडली, वाकले, बराच वेळ पाहत राहिले. मी जवळ गेले होते, मलाही दिसत होतं, खाली पिवळा उजेड स्थिर होता.

"कशी हाय?" दादूमामांनी विचारलं.

तात्या पेवाच्या तोंडावरून बाजूला सरकले, त्यांना जागा करून दिली.

"तू बी बघ," ते म्हणाले.

दादूमामा वाकले. चांगले वाकून त्यांनी पाहिलं, मग उठून दोराचं एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं तात्यांच्या हातात दिलं.